मी कॅमेरा मागे घेतला

चंद्रपूरला माध्यमांच्या एम.ए.ला आम्ही अकरा जण होतो. चित्रपट, टीव्ही, बातमीदारी, सगळं एकाच अभ्यासक्रमात. स्टुडिओ म्हणजे विभागाच्या मागची एक बंद खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, समोर हिरवा पडदा. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून रेकॉर्डिंगला पंखाही बंद. मी बल्लारपूरहून, लोकांच्या तोंडी बल्लारशाहून, रोज जाऊन-येऊन करायची. मी नेमकं काय शिकते ते घरात कुणालाच सांगता येत नसे. आई शेजारणीला सांगायची, "फोटोचं शिकून राह्यली."

आमच्या वर्गातला तो, मूल शहराच्या पलीकडच्या एका खेड्यातला. घरी धानाची शेती. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आणि कबड्डीच्या सामन्यांत तो माइकवर बोलायचा, तेवढ्या भांडवलावर इथे आला होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाला एक बातमी वाचायला दिली. आम्ही सगळ्यांनी कागदात तोंड खुपसून वाचली. त्याने मान वर केली आणि बोलायला लागला. हेडफोन माझ्या कानांवर होते. धरणाचे दरवाजे उघडल्याची साधी बातमी, पण ओळखीचा माणूस ओट्यावर टेकून सांगतोय असं वाटलं.  सर म्हणाले, "भाषा शिकवता येते. हे शिकवता येत नाही."

भाषेची त्याला फार लाज वाटायची. बातमीत 'नाही'चं 'नाई' झालं की कान लाल व्हायचे. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या चुका काढायची, तो चिडायचा.

"तू तं बल्लारशाची. अर्धी हिंदी बोलते. तू मले शिकवते?"

तरी दुसऱ्या दिवशी तेच वाक्य नीट पाठ करून यायचा. वर्ष संपेपर्यंत आमची जोडी ठरून गेली. तो वाचणार, मी कॅमेऱ्यावर.

रेकॉर्डिंगआधी त्याला धडधडायचं. मग तो खर्रा खायचा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेलं. आमच्या भागात त्याचं कुणाला काही वाटत नाही. माझे वडील खातात, बसचे कंडक्टर खातात, लग्नाच्या मांडवात पाहुण्यांपुढेही येतो. तो व्हरांड्यात बसून चघळायचा, चूळ भरायचा आणि आत यायचा. उशीर होत असला की ठेल्यावरून दोन-तीनदा मीच आणून दिला.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सर त्याच्यावर चिडायला लागले. "शब्द खातोयस. तोंड उघडून बोल." तो पुन्हा वाचायचा. पुन्हा तेच. डब्यातली भाजी तो आता पाण्यात धुऊन खायचा, तिखट लागतं म्हणून. मी हसायची.

कॅमेऱ्यातून मात्र हसू येत नव्हतं. क्लोजअपमध्ये माणसाच्या चेहऱ्याचं सगळं दिसतं. त्याचे ओठ हलत, पण जबडा खाली येत नव्हता. 'आ'कार आला की गालाची कातडी ताणून पांढरी पडायची. एकदा त्यानेच म्हटलं, "जरा दुरून घे न. जवळून बरं दिसत नाई."

मी कॅमेरा मागे घेतला. कमरेपर्यंतची फ्रेम लावली, एक दिवा बाजूला सरकवला. सावलीत तोंडाकडे लक्ष जाईना. सर मॉनिटरसमोर बसून म्हणाले, "आज चांगलं दिसतंय." मला बरं वाटलं. आपल्याला आपलं काम जमतंय, असं वाटलं.

मग जनजागृतीची एक मिनिटाची फिल्म करायचा प्रकल्प आला. विषय चिठ्ठीने ठरले. आमच्या गटाला तंबाखू. दातांच्या एका डॉक्टरबाईंकडून आम्ही माहिती लिहून आणली, आणि आवाज अर्थातच त्याचा. त्यात एक वाक्य होतं: 'उभी तीन बोटं तोंडात जातात का, आजच आरशात बघा; जात नसतील तर दवाखाना गाठा.' माइक लावायच्या आधी सगळ्यांनी करून पाहिलं. हशा पिकला. एकीची तर चार गेली.

त्यानेही केलं. दोन बोटं दातांपाशी अडली. तिसरं त्याने लावूनच पाहिलं नाही. बोटं शर्टला पुसली आणि म्हणाला, "माया हातच जाडा आहे. शेतकऱ्याचा हात."

सगळे हसले. मी कॅमेऱ्याच्या मागे होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर कागदावर नेली. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. निदान बाहेर आल्यावर, बसस्टँडकडे जाताना. पण दुसऱ्या दिवशी फिल्म जमा करायची होती, आणि दवाखान्याचं नाव काढलं तर तो आवाज द्यायचाच नाही अशी भीती होती. मी म्हटलं, "चल, घेऊन टाकू." चौथ्या टेकला वाक्य जमलं. त्या फिल्मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले.

परीक्षेच्या तोंडावर त्याच्या जिभेच्या कडेला जखम झाली, ती भरेचना. नागपूरला नेलं. कॅन्सर निघाला. अर्धी जीभ आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढला. त्याचं वय चोवीस. मी परीक्षेला बसले. त्याचा बाक रिकामा.

निकालानंतर मी त्याच्या गावी गेले. मूलपर्यंत एसटी, पुढे त्याचा चुलतभाऊ मोटारसायकलवर घ्यायला आला. तो पडवीत खाटेवर बसला होता. अर्धा चेहरा आत गेलेला, नाकात नळी. मला पाहून हात वर केला. मोबाइलवर लिहून दाखवलं, 'पास झाली न?' मी मान हलवली. त्याने लिहिलं, 'आता कोनाच्या चुका काढते?'  तो दमला आणि आडवा झाला.

त्याची आई मला मागच्या अंगणात घेऊन गेली. चहाचा कप हातात दिला आणि समोर उकिडवी बसली.

"रोज संगं होती न तू त्याच्या?"

"हो."

"मंग तुले काई दिसलं नाई काय?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "दिसलं होतं, काकू."

 तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मले बी दिसलं होतं. भात गिल्ला करून मागायचा. म्या म्हटलं, परीक्षेचं टेन्शन असन."

 चहा तसाच राहिला. निघताना तिने मला सोडायला फाटकापर्यंत येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ती मला रागावली असती तर मला घरी परत जाणं जमलं असतं. तो हात घेऊन मी कशी गेले ते सांगता येत नाही.

धान कापणीला आलं तेव्हा तो गेला.

तेरवीला आम्ही वर्गातले सहा जण गेलो, सरही आले. जेवणं झाल्यावर बाकीचे गाडीकडे निघाले. त्याचे वडील बांधावर एकटेच बसले होते. मागच्या भेटीत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. आज त्यांनी हाताने बोलावलं. मी जवळ जाऊन बसले. समोरच्या बांधीत अर्धं धान कापलेलं, अर्धं उभंच होतं.

"बाई," ते म्हणाले, "आमाले त्यातलं काई समजत नाई. एक सांगजो. तो टीव्हीवर आला असता काय, खरंच?"

"आला असता, काका," मी म्हटलं. "आमच्यातला तोच आला असता."

त्यांनी मान डोलावली. दोनदा, हळूहळू. मग विळा उचलला आणि उरलेल्या धानात उतरले.