मेहकरच्या स्टँडवरची नर्सबाई

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. विलायतेत नर्स असलेली आपल्याकडचीच एक बाई मेहकरच्या स्टँडवर शेजारी बसली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. माझे सुजलेले पाय पाहून ती चक्क खाली उकिडवी बसली आणि तळव्याला अंगठा लावून म्हणाली, “बाई, आग होते काय?”

“तिले काही नाही होत,” आमचे हे म्हणाले.

“भाऊ, तुमच्या पायाचं नाही विचारलं!” ती हसली. “तिकडंबी आपल्या बायांचं दुखणं नवरेच सांगतात, अन् डॉक्टर तेच लिहितात. मंग आपले आजार डॉक्टरले कळतीन कसे? आता मी एकेका बाईले येगळं बसवून विचारतो.”

हे उठून पलीकडच्या बाकावर गेले. मग मी सांगू लागले. आमची सुलतानपूरची गाडी आली, तेव्हा ह्यांनीच कंडक्टरला हात केला, “जरा थांबा हो, ती बोलून राह्यली.”