चिचुंद्रीचा मान

भुईमुगाचं निम्मं बियाणं माझ्या इंग्रजी शिक्षणाने खाल्लं, असं आमच्या घरात आजही म्हणतात.

मी तेव्हा अमरावतीला, गोऱ्या बाईंच्या इंग्रजी शाळेत शिकत होते आणि उन्हाळ्याच्या सुटीत नांदुऱ्याला घरी आले होते. पुढच्या वर्षी मला परत पाठवायचं की नाही, यावर घरात विचार चालला होता. (मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी बोलले नसते.) त्याच सुमारास पेरणीसाठी राखलेल्या भुईमुगाच्या पोत्यांना भोकं पडू लागली, म्हणून बाबांनी लाकडी पिंजरा लावला.

अडचण एकच होती. चिचुंद्री म्हणजे लक्ष्मी, अशी मोठ्या काकूंची श्रद्धा. पिंजऱ्यात उंदीर असला तर गडी त्याला बादलीत बुडवणार. चिचुंद्री असली तर तिला हळदकुंकू लावून होती तिथेच सोडायची. ही पारख इतकी वर्षं काकूच करत. आता त्यांना मोतीबिंदू झाला होता.

"इंग्रजी शायेत जनावरांचे चित्रं दाखवतेत म्हने. तूच पाह्य," त्या म्हणाल्या.

मला सगळं पाठ होतं. उंदराचे दात कुरतडण्यासाठी असतात, तो दाणे खातो. चिचुंद्रीचं नाक लांब, डोळे बारीक, ती किडे खाते आणि तिला उग्र वास येतो. पहिल्या दिवशी खरोखर चिचुंद्रीच सापडली. तिचा यथासांग मान झाला. पण वाकून फटीतून पाहण्याचं धैर्य माझ्यात एकदाच पुरेल इतकं होतं! दुसऱ्या दिवसापासून मी चार हात लांब उभी राहून नुसता वास घेऊ लागले.

"काय हाय वं?"

"चिचुंद्री."

सलग आठ दिवस चिचुंद्री. काकू फटीतून अंदाजाने हळदकुंकू टाकत, हात जोडत आणि पिंजऱ्याचं दार उघडत. लक्ष्मी घर सोडायला तयार नाही, असं त्या शेजारणीला कौतुकाने सांगत. पोती मात्र सैल पडत चालली.

नवव्या दिवशी बाबांनी पिंजरा उचलून उजेडात नेला. आत एक लठ्ठ उंदीर बसला होता. पाठ पिवळी, कपाळावर कुंकू.

बाबांनी पिंजरा हुंगला. मग माझ्याकडे पाहिलं. "पयल्या दिवसापासून धुतला नाही ना हा?"

मी नकारार्थी मान हलवली. लाकडात मुरलेला तो वास पहिल्या चिचुंद्रीचा होता.

आता शाळा संपली, असं मी धरूनच चालले. बाबा काकूंना म्हणाले, "वहिनी, हिले शायेतच धाडू. घरी राह्यली तं पेराले दाना उरनार नाही."

त्या वर्षी परीक्षेत नेमका उंदीर आणि चिचुंद्री यांतला फरक विचारला. मी नाक, दात, डोळे, आहार, सगळं लिहिलं. वास मात्र गाळला.