ब तुकडीचे आठ आठवडे

गणिताच्या बाई काही कामचुकार नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नको ते बोलाल. एकोणीस वर्षं त्यांनी एकाच शाळेत शेकडेवारी आणि समीकरणं शिकवली होती. खडूनं बोटं फाटायची, घरी जाऊन मलम लावायच्या, सकाळी पुन्हा फळ्यासमोर हजर. तरी दरवर्षी अर्धा वर्ग शेकडेवारीत गटांगळ्या खायचा. आपण एवढा घसा कोरडा करतो ते जातं कुठे, या प्रश्नानं त्यांचं डोकं खाल्लं होतं.

म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. धडा कसा आखायचा, कसा बांधायचा, याचं पदव्युत्तर शिक्षण नोकरदार शिक्षकांसाठी निघालं होतं, दर शनिवार-रविवारी. नवऱ्यानं थट्टा केली, "मग एकोणीस वर्षं काय, अंदाजपंचे शिकवत होतीस?" बाई हसल्या, पण टोमणा बरोबर जागी लागला. दोन वर्षं त्यांना सुट्टी कशी ती माहीत नव्हती. नवरा थट्टा करता करता भाजी चिरायला आणि कपडे वाळत घालायला शिकला.

शेवटी प्रबंधाची वेळ आली. बाईंनी शेकडेवारीचे चोवीस पाठ नव्यानं बांधले. फळ्यावरची लांबलचक गणितं गेली आणि छोटी कार्डं आली. मूल कुठे चुकलं की कुठलं कार्ड हातात द्यायचं, तेही ठरलेलं. मार्गदर्शक सर माणूस कोरडा, पण सरळ. ते म्हणाले, "छान आहे. पण छान आहे हे दाखवणार कसं? तुमच्याकडे दोन तुकड्या आहेत ना? अ तुकडीला नवे पाठ द्या, ब तुकडीला जुनी पद्धत. आठ आठवडे. इकडचं तिकडे जाता कामा नये."

"आणि ब तुकडीची मुलं, सर?"

"त्यांना नंतर शिकवा की. कोणी अडवलंय?"

खरंच, कोणीच अडवलं नव्हतं.

ब तुकडीत एक मुलगी होती. मुलं तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणायची, कारण चार प्रश्न विचारल्याशिवाय ती तास सोडायची नाही. तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. शाळेचं हे शेवटचं वर्ष होतं. गणितात पास झाली तर नर्सच्या प्रशिक्षणाला जायचं, नाहीतर धुलाईघरात आईशेजारी उभं राहायचं, असं घरात ठरलं होतं. मुलगी स्वतःच ते सगळ्यांना सांगत फिरायची.

तिसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, "बाई, अ तुकडीला कार्डं, मग आम्हाला का नाहीत?"

"तुमची नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर! बस खाली."

वर्ग खदखदला. बाईंना स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं.

पाचव्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, ती जिन्याखाली सापडली. अ तुकडीतल्या मैत्रिणीची कार्डं मांडीवर घेऊन वहीत उतरवत होती. आणि जमत होतं हो तिला! सवलतीचं जे गणित तिला महिनाभर छळत होतं, ते तिनं पायरी पायरीनं सोडवलं होतं, बाईंनी बांधलं होतं अगदी तसं. एरवी बाईंनी तिथेच जिन्याखाली फतकल मारली असती आणि पुढचं कार्ड समजावलं असतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात एकच आकडा आला, तीस. ब तुकडीत बरोबर तीस मुलं होती. नवे पाठ पाहिलेलं मूल मोजणीतून काढायचं असा नियम, आणि तीसच्या खाली गेलं की प्रयोग बाद. सगळं पुढच्या वर्षी पहिल्यापासून.

"दे इकडे," बाई म्हणाल्या. कार्डं घेतली. वहीतली चार पानंही फाडून घेतली.

"चुकलं का माझं, बाई?"

बाई पानांची घडी घालून जिना चढल्या. चार पानांनी काय होतंय, अशी मनाची समजूत घालून त्यांनी तिला मोजणीत ठेवलं. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याची सुरी थांबली. "अगं, पोरगी शिकत होती ना?"

"तुम्हाला नाही कळायचं," बाई म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

आठ आठवडे संपले, दोन्ही तुकड्यांची चाचणी घेऊन प्रबंधाचे आकडेही हाती आले. आता ब तुकडीची पाळी होती. पण प्रबंध द्यायला सतराच दिवस उरले होते, म्हणून बाईंनी दोन आठवड्यांची रजा टाकली. त्यांच्या जागी चित्रकलेचे सर येऊन बसायचे आणि "आवाज नको" म्हणायचे. बाई परतल्या तेव्हा परीक्षेला नऊ दिवस होते आणि भूमिती अख्खी बाकी होती. कार्डं कपाटातच राहिली. मुद्दाम नाही! वेळच झाला नाही. अशा गोष्टी कोणी मुद्दाम थोड्याच करतं?

निकाल लागला. अ तुकडीत एकतीसपैकी सत्तावीस पास, ब तुकडीत तीसपैकी तेरा. 'प्रश्नपत्रिका' तीन गुणांनी नापास झाली.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक खूश झाल्या. "दोन तुकड्यांत इतका स्वच्छ फरक क्वचित दिसतो," त्या म्हणाल्या. बाईंना पहिला वर्ग मिळाला. मुख्याध्यापकांनी पुष्पगुच्छ दिला. तो बादलीत ठेवून बाई त्या दिवशी न जेवताच झोपल्या.

मग एका दुपारी त्या धुलाईघरात गेल्या. आत वाफ कोंदलेली, फरशी ओली. मायलेकी समोरासमोर उभ्या राहून एका चादरीची घडी घालत होत्या.

"फेरपरीक्षा आहे," बाई म्हणाल्या. "मी रोज शिकवीन हिला. महिन्यात होईल."

"तुम्ही एवढ्या आलात, बरं वाटलं," आई म्हणाली. "पण प्रशिक्षणाचे अर्ज सोमवारीच बंद झाले. हिला इथे लावून घेतलंय आता. आणि डोकंच चालत नाही तर उगाच कशाला? रोज सांगते मी तिला, मठ्ठ आहेस, मान्य कर, मोकळी हो."

मुलगी मान खाली घालून चादरीची किनार जुळवत होती. बाईंना गप्प बसता आलं असतं. नाही बसवलं. दोन तुकड्या, कार्डं, तिसाचा आकडा, फाडलेली पानं, सगळं त्यांनी सांगून टाकलं. आईला अर्धंमुर्धं कळलं. मुलीला सगळं कळलं.

"म्हणजे आमचे गुण कमी येणार, हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो," बाई म्हणाल्या. "प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात तसं लिहिलं होतं मी."

मुलीनं आईकडे पाहिलं. "ऐकलंस ना, आई?" ती म्हणाली. "मी मठ्ठ नव्हते."

आईच्या हातून चादर सुटून ओल्या फरशीवर पडली. ती वाकली, चादर उचलून पुन्हा धुण्याच्या ढिगात टाकली, पाण्याची बादली उचलली, आणि लेकीकडे न बघता बाईंना म्हणाली, "बाजूला व्हा, बाई. पाणी सांडेल अंगावर."