येतं आणि करतंय

नोएडातल्या ज्या कंपनीतून मी निवृत्त झालो, तिथल्या एका जुन्या चुकीवर एका मुलीचं नाव आहे. चूक माझी होती.

आमचं काम आभासी नेटवर्क कार्डांचं. असं कार्ड हातात धरता येत नाही. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक लहान संगणक चालतात, त्यांच्यासाठी ते सॉफ्टवेअरनेच बनवलेलं असतं. त्याला काय काय जमतं, हे कर्नलने, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याने, वरच्या प्रोग्रामांना सांगायचं. कसं सांगायचं, यावरून त्या मुलीचा आणि माझा वाद झाला.

ती दिल्लीच्या करोल बागेत, मराठी घरात वाढलेली. ऑफिसात मला सर म्हणायची, खाली चहाच्या टपरीवर काका. तिने कर्नलला दोन वेगळी उत्तरं द्यायला लावली होती: आलेला डेटा वाटेत बिघडलाय का हे कार्डाला तपासता येतं का, आणि ते आत्ता तपासतंय का.

"एकच ठेव. हो किंवा नाही," मी टपरीवर तिला म्हणालो. "लोकांना सोपं पाहिजे."

"काका, मला पोहता येतं. म्हणून मी आत्ता पोहतेय का?"

"इथे? चहाच्या ग्लासात?"

"हसा तुम्ही. कार्ड काठावर बसून हो म्हणेल आणि वरचा प्रोग्राम बिचारा बुडेल, यार."

मी हसलोच. 'आत्ता तपासतंय का' हे दुसरं उत्तर तिला काढून टाकायला लावलं. कोडमधला तो बदल तिच्या नावाने नोंदला गेला. माझं सांगणं टपरीवरच राहिलं.

काही महिन्यांनी एका ग्राहकाकडे कार्डाची ती तपासणी बंद होती. कर्नलने तरी 'हो' सांगितलं. त्यावर विसंबून वरच्या प्रोग्रामने स्वतः तपासलं नाही आणि बिघडलेला डेटा तसाच साठत गेला. बैठकीत साहेबांनी विचारलं, "ये किसका कोड है?"

पडद्यावर तिचं नाव होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी वहीत काहीतरी खरडत बसलो. तिने माझं नाव घेतलं नाही. पंधरा दिवसांत तिला जायला सांगितलं. पुन्हा तिने कर्नलचं काम केलं नाही; आता ती शाळेत संगणक शिकवते.

गेल्या रविवारी मी तिला फोन केला, चूक माझी होती हे सांगायला.

"काका! अच्छा, तब्येत कशी आहे?"

मी दहा मिनिटं गुडघ्यांबद्दल बोललो आणि फोन ठेवला. बोलता मला त्या बैठकीतही येत होतं.

म्हणून हे लिहून काढलं. छापायला देण्याआधी तिला पाठवलं आहे. तिने वाचलंय, एवढं फोनवर दिसतं.