ताई आणि बांधावरचं काटेरी

ताई माझी कोणी लागत नव्हती. तिच्या भावांच्या शेताखाली माझं शेत, एवढीच ओळख. पण तिच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच बसलो. सवय नाही, पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्यावं.

नवरा गेल्यावर ती माहेरी परतली. वडील होते तोवर शेत एकत्र होतं. ते गेले आणि दोन्ही भावांनी शेताचे दोन तुकडे केले. ताईने आपल्या हिश्श्यावर पाणी सोडलं. "मला एकटीला शेत घेऊन काय करायचंय? राहायला खोली मिळाली की झालं," म्हणाली. थोरला तेव्हा चारचौघांत म्हणाला, "ताई, हे घर तुझंच आहे." हे वाक्य ती जाता येता सांगायची. मलाही कितीदा ऐकवलं असेल.

दोन तुकड्यांच्या मध्ये बांध पडला आणि बांधावर काटेरी माजलं. आमच्याकडे त्या तणाला नुसतं काटेरीच म्हणतात. पानापानाला काटे, जांभळी देखणी फुलं. फुलं वाळली की बियांच्या म्हाताऱ्या सुटतात आणि वारा नेईल तिथे रुजतात. मूळ पांढरं, हातभर खोल. ओढताना तुटलं की राहिलेला तुकडा पुन्हा कोंब धरतो. भाऊ आपापलं शेत साफ करायचे, पण बांधाला कोणी हात लावत नव्हतं. एकाने कुदळ मारली की दुसरा ओरडणार, "बांध कोरतोय!" त्यामुळे काटेरी तिथे जावयासारखं राहत होतं. त्याला बोलायची सोय नाही.

शेवटी ताईनेच ते अंगावर घेतलं. "मला शेतच नाही. बांध कोरला तरी नेऊन ठेवू कुठे?" असं म्हणून हसायची.

लोहाराकडून तिने लांब, अरुंद पात्याचं खुरपं करून घेतलं होतं. जमीन ओली असली की हातात जुने चामडी मोजे घालून बसायची. मुळाभोवतीची माती सगळीकडून सैल करायची, मग हळूहळू अख्खं मूळ वर काढायची. कळ्या उमलायच्या आत खुडून पोत्यात भरायची आणि जाळायची. धाकट्याची बायको एकदा माझ्यादेखत म्हणाली, "ताई, तण काढताय की दागिने घडवताय?"

"दागिन्यांना बघायला बायका येतात गं. इथे माझी मीच."

काही वर्षांत बांध जवळजवळ साफ झाला. एकच ठिकाण उरलं, हद्दीच्या दगडाजवळचं. मूळ दगडाच्या खाली गेलं होतं. ताईने पहारीने दगड हलवला, मूळ काढलं आणि दगड पुन्हा बसवला. पण एकटीच्या ताकदीने तो नीट बसला नाही. धाकट्याच्या बाजूला कलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाइप जोडत होतो, तेवढ्यात धाकट्याचा आवाज आला.

"दगड सरकवला! दादा, स्वतः ये ना समोर! बहिणीला काय पुढे करतोस?"

थोरला धावत आला. ताई मागोमाग, हातात ते लांबलचक मूळ. "अरे, याच्यासाठी हलवला. बघा तरी. दोघं हात लावा, आत्ता सरळ करू." मुळाकडे कोणी बघितलंही नाही.

"तूच शिकवलंस तिला," धाकटा म्हणाला.

"मी?" थोरल्याचा चेहरा लाल झाला. "मी कशाला शिकवू? ती लुडबुड करते तिच्या मनाने. तिचा या जमिनीशी संबंध काय? माझ्या घरात राहते म्हणून तिचं सगळं मी निस्तरायचं?"

ताईने मूळ जाळायच्या ढिगावर टाकलं, खुरपं धुतलं, पुसलं. त्याच आठवड्यात ती बाजारपेठेत इस्त्रीच्या दुकानामागे एक खोली घेऊन राहायला गेली. एका रोपवाटिकेत कुंड्यांमधलं तण काढायचं काम धरलं.

दगड तसाच कलता राहिला. काटेरी आधी बांधावर फुललं, मग दोन्ही शेतांत शिरलं, मग माझ्याही. औषध मारलं की वरचं करपायचं आणि खालून पुन्हा यायचं. थोरल्याने वैतागून रोटाव्हेटर फिरवला. मुळांचे बारीक तुकडे झाले, तेवढीच नवी रोपं उगवली. कापणीला मजूर बांधावर उभे राहून बघायचे आणि परत जायचे.

मग एक दिवस दोघेही माझ्या दारात. ताईला आणायला जायचं होतं, पण एकमेकांच्या गाडीत बसायचं नव्हतं. माझ्या जीपमध्ये एक पुढे बसला, एक मागे.

ताईने चहा केला. खोलीत एकच खुर्ची, ती मला दिली. भाऊ खाटेच्या दोन टोकांना बसले.

"ताई, तण फार माजलंय," थोरला म्हणाला. "तू आलीस तर आटोक्यात येईल."

"फुललंय का?"

"सगळीकडे."

तिने कपबशा गोळा केल्या. "येते. राहायचं कोणाकडे?"

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. "त्याच्याकडे मागची खोली रिकामी आहे."

"राहत होती तुझ्याकडे ना?" धाकटा म्हणाला. "मग आता माझ्याकडे कशी?"

ताईने दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. मग खाटेखाली वाकून ते लांब पात्याचं खुरपं काढलं. त्याला तेल लावलेलं होतं, गंजाचा ठिपका नव्हता. तिने ते बाहेर पायरीवर ठेवलं.

"हे घेऊन जा. याला खोली लागत नाही."

आम्ही बाहेर आलो. आतून कडी लागली.

"घे ना," थोरला म्हणाला.

"तुझ्याकडचं आहे, तूच घे."

मी जीप सुरू करून वाट बघत होतो. दोघे येऊन बसले, दोघांचेही हात रिकामे. आरशात बघितलं तर खुरपं पायरीवरच पडलेलं होतं.