तीन दारांवरची पिवळी खूण

ती तीन दारं अजून माझ्या नजरेसमोरून हलत नाहीत. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. इंग्लंडात, मुलीकडे ब्रॅकनेलला राहतो. सकाळी दूध घेऊन येताना रस्त्यातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीकडे, खाली डावीकडे, नजर जाते. खूण नाही ना, बघतो. मग माझी मलाच लाज वाटते.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो. मी मिरजेचा. नववीत शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी मामाने इकडे आणलं आणि त्याच्या बेकरीत लावलं. त्या काळी इथल्या पोलिसात भरती व्हायला डिग्री लागत नसे. एक लेखी परीक्षा, थोडं धावणं आणि मुलाखत. मला घेतलं. चुकून घेतलं असावं असं अजून वाटतं. सत्तावीस वर्षं कॉन्स्टेबल म्हणून काढली आणि प्रत्येक रिपोर्ट तीन-तीनदा वाचून पुढे पाठवला. कुणीतरी माझं इंग्रजी बघून 'ह्याला कुणी घेतला?' असं विचारेल ही धास्ती कायम होती. या देशाचे माझ्यावर उपकार आहेत. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून म्हातारा तक्रार करतोय असं वाटायचं. तक्रार नाही. मला त्या केसचा अजून नीट उलगडा झालेला नाही, एवढंच.

नोकरीची शेवटची वर्षं मी ब्रिस्टलपासून अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात होतो. परदेशात धर्मापायी ज्यांना घरदार सोडावं लागलं, अशांना इकडे आणून वसवायची सरकारची योजना होती. त्यातून आमच्या गावात तीन कुटुंबं आली. तिन्ही उत्तर इराकमधली, ख्रिस्ती. त्यांच्या शहरात बंदूकवाल्यांनी ख्रिस्ती घरं हेरून दारांवर लाल रंगात एक अक्षर काढलं होतं. ज्या दारावर अक्षर, त्या घराने अंगावरच्या कपड्यांनिशी निघायचं. इकडे कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, तिघांना वेगवेगळ्या रस्त्यांवर घरं दिली. त्यांच्याकडे अधूनमधून जाऊन विचारपूस करायचं काम सार्जंटने माझ्यावर टाकलं. म्हणाला, "तूही बाहेरून आलायस, तुला कळेल." मला काय कळणार? मी विमानाने आलो होतो आणि मामा घ्यायला उभा होता.

एका सोमवारी सकाळी त्यातले एक गृहस्थ स्टेशनच्या काउंटरवर आले. तिकडे गणिताचे शिक्षक होते, म्हणून मी त्यांना मनात मास्तर म्हणायचो. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली.

"माझ्या दारावर खूण आहे," ते म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर गेलो. चौकटीवर खाली पिवळ्या मेणखडूचा गोल, आत एक आडवी रेघ. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा.

"पोरांचा चाळा असेल, सर."

"पोरं एकच दार रंगवून थांबत नाहीत. मी शाळेत होतो, मला पोरं माहीत आहेत."

"पण तुमच्याकडे ते अक्षर होतं ना? हा तर नुसता गोल आहे."

"आज गोल आहे," ते म्हणाले. "अक्षर ते ठरवतात, आपण नाही."

आतल्या पॅसेजमध्ये तीन बॅगा भरून ठेवल्या होत्या. त्यांच्या बायकोने त्यांवर कोट टाकला होता, जणू मला दिसू नयेत. शनिवारी निघणार म्हणाले. कुठे, ते ठरलं नव्हतं. मी समजावलं की स्वतःहून घर सोडलंत तर कौन्सिल 'जाणूनबुजून बेघर' असं लिहील आणि दुसरं घर देणार नाही. मग रस्ताच. मास्तरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मागच्या वेळी आम्ही दोन दिवस जास्त थांबलो होतो." त्यांच्या बायकोने खिडकीचा पडदा नीट केला.

"कुणावर संशय?"

"नाही."

फार लवकर आलं ते उत्तर. बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मी वहीत लिहिलं, 'संशय नाही', आणि खाली एक रेघ मारली.

उरलेल्या दोन कुटुंबांच्या दारांवर जाऊन बघितलं. तिथेही तोच गोल, तीच रेघ. मग मी तिन्ही रस्त्यांवरची दारं वाकून वाकून तपासली. एका बाईने कुत्रा अंगावर सोडायची धमकी दिली. इतर कुठेही खूण नव्हती. तीन कुटुंबं, तीन रस्ते, आणि कुणाला तरी नेमकी तीन दारं ठाऊक. म्हणजे त्यांच्या नाव-पत्त्यांची यादी कुणाच्या तरी हाती लागली होती. आणि यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

सार्जंट म्हणाला, "कुलूप लावतोस ना, मित्रा?"

"लावतो, सार्ज."

"नेहमी?"

मी हो म्हणालो. त्या दिवसापासून मी ते कुलूप जाताना दोनदा ओढून बघू लागलो.

बुधवारी खबर मिळाली. मास्तरांच्या समोर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी फोन केला. त्या दिवसभर खिडकीत बसून शब्दकोडं सोडवायच्या. "सायकलवरून जेवण पोचवणारा एक माणूस येतो," त्या म्हणाल्या. "समोरच्या भिंतीला सायकल लावतो, त्या दाराकडे बघत उभा राहतो. जेवण कुणालाच देत नाही. मला वाटलं, पत्ता चुकला असेल. पण चार दिवस पत्ता कसा चुकेल?" वेळा त्यांनी शब्दकोड्याच्या कडेला लिहून ठेवल्या होत्या.

गुरुवारी दुपारी मी आणि एक सहकारी त्या गल्लीत थांबलो. तो आला. चाळिशीचा, किरकोळ. अटक करताना काही खळखळ नाही. फक्त पाठीवरच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "थंड होईल." आत दोन बिर्याण्या होत्या. मेणखडू सापडला नाही. सार्जंट म्हणाला, "फेकला असेल. आणि बिर्याणीला हात लावू नका, पुरावा आहे." दिवसभर अख्ख्या स्टेशनात तो वास फिरत होता.

तोही इराकचाच निघाला. मास्तरांच्याच शहरातला, मुसलमान. आश्रयाचा अर्ज केलेला, निकाल यायचा होता. दुभाष्या आला, ड्यूटी सॉलिसिटर, म्हणजे अटकेतल्या माणसाला फुकट मिळणारा वकील, आला, टेप सुरू झाली. तो प्रत्येक प्रश्नाला "नो कॉमेंट" म्हणत होता. वकिलाने शिकवलेले तेवढेच दोन इंग्रजी शब्द, पण चोख म्हणायचा. मग त्याचा फोन तपासला. त्यात मास्तरांच्या दाराचा फोटो होता.

माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा खूप बोलतो. गप्प बसणारा बहुतेक वेळा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी मी ते विसरलो. शनिवार जवळ येत होता, तिकडे बॅगा भरलेल्या होत्या आणि माझ्या डोक्यात ड्रॉवरचं कुलूप होतं. मी म्हणालो, "तुमच्या अर्जाचा निकाल यायचाय ना? धर्मावरून धमकावलं असा आरोप लागला तर काय होईल, विचार करा." सॉलिसिटर ताडकन उभा राहिला. त्याने टेपवर हरकत नोंदवली, आणि बरोबरच केलं. त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला, पण तो "नो कॉमेंट"च म्हणाला.

संध्याकाळी जेवायला घरी आलो. ताटाकडे लक्ष नव्हतं.

"अहो, आमटी निवतेय," बायको म्हणाली.

केसचं घरी बोलायचं नाही असा नियम आहे. मी नाव-गाव न सांगता एवढंच म्हणालो, की कुणीतरी लोकांच्या दारांवर खुणा करतंय.

"मग त्यात काय एवढं? आपल्याकडे पोलिओच्या बायका खडूने दारावर खूण करून जायच्या की. माझ्या आईने दिवाळीच्या सफाईत ती पुसली, तर परत येऊन केवढ्या ओरडल्या तिला!"

"अगं, ते सरकारी काम होतं."

"मग हे सरकारी नाही कशावरून? तुम्ही विचारलंत का कुणाला?"

मी विचारलं नव्हतं. आम्ही खूण करणारा शत्रू शोधत होतो. आपल्यातल्या कुणाला विचारायचं सुचलंच नाही. आणि मग, घास हातात असताना, मला तो फॉर्म आठवला. पाच-सहा आठवड्यांपूर्वी मीच भरलेला. लेटरबॉक्समधून कुणी पेट्रोल ओतून पेटवू नये म्हणून कौन्सिलवाले दाराला आतून एक लोखंडी पेटी बसवून देतात. ज्यांना धोका असेल त्यांना फुकट. मी तिन्ही कुटुंबांसाठी अर्ज केला होता. 'धोक्याचं कारण' या रकान्यात तीनदा लिहिलं होतं: धर्म.

शुक्रवारी सकाळी कौन्सिलच्या घरविभागातल्या बाईंनी या पेट्यांच्या ठेकेदाराच्या माणसाचा नंबर दिला. माणूस मोठा खुशमिजाज.

"हो, माझाच तो गोल! गोल म्हणजे लेटरबॉक्स, रेघ म्हणजे झाकण आत उघडतं. पेटी बसवायला येणारा पोरगा कागद हरवतो, म्हणून मी दारावरच लिहून ठेवतो. का, रंग निघत नाहीये का?"

"तुम्ही दार वाजवलं नाहीत?"

"वाजवलं की! तिघांनीही उघडलं नाही. आत होते, टीव्ही चालू होता."

पिवळं जाकीट घातलेला अनोळखी माणूस हातात यादी घेऊन दार वाजवतो, तेव्हा ही माणसं दार उघडत नाहीत. हे गावात कुणाला समजायला हवं होतं तर ते मला. फॉर्म मी भरला आणि त्या तिन्ही घरांना सांगायचं राहिलं. पेटी लागली की कळेलच, असं वाटलं. सरप्राईज!

सायकलवाल्याला दहाच्या सुमारास सोडलं. कागदांवर सही करून झाल्यावर, काही न विचारता, तो दुभाष्यामार्फत बोलला. मास्तर त्याचे शाळेतले शिक्षक. मास्तर निघून गेल्यावर त्यांच्या तिकडच्या घरात त्याचा भाऊ राहायला गेला होता आणि अजून तिथेच होता. गावात सर अचानक दिसले. घराचं ते सांगून टाकावं म्हणून तो चार दिवस दारासमोर येत होता आणि दार वाजवायची हिंमत होत नव्हती. फोटो भावाला पाठवायला काढला होता, सर जिवंत आहेत हे दाखवायला. "त्यांना सांगू नका," तो म्हणाला.

मी त्याची माफी मागितली. दुभाष्याने ती नीट सांगितली की नाही, देव जाणे. बिर्याणी परत केली, ती त्याने नेली नाही. त्याच्या अर्जाच्या कामी उपयोगी पडावं म्हणून, तो निर्दोष असल्याचं पत्र मी सार्जंटच्या सहीने पाठवलं. पुढे काय झालं ते कळलं नाही. दोनदा विचारलं, पण ते माझ्या अखत्यारीत नाही असं उत्तर आलं.

दुपारी मास्तरांकडे गेलो. बॅगा दाराजवळ सरकवलेल्या. मी खुणेचं सगळं सांगितलं, स्वतःच्या फॉर्मसकट. मास्तरांनी बॅगांकडे बघितलं.

"म्हणजे आमच्या नावांची यादी आहे."

"तुमच्या संरक्षणासाठी आहे, सर."

"तिकडेही पहिली यादी रेशनसाठी झाली होती," ते म्हणाले. मग, "तो सायकलवाला सुटला?"

"तुम्हाला तो माहीत होता?"

"माझा विद्यार्थी. भूमितीत कच्चा. पहिल्याच दिवशी खिडकीतून ओळखला."

"मग सांगितलं का नाहीत? मी विचारलं होतं."

"तुमच्या हातात वही होती."

आपल्या विद्यार्थ्यानेच खूण केली असेल असं मास्तरांना वाटत होतं. त्यापायी ते बायकोला घेऊन रस्त्यावर जायला निघाले होते, पण त्याचं नाव माझ्या कागदावर येऊ द्यायला तयार नव्हते. तो का उभा राहायचा, हे मला सांगता येत नव्हतं. मास्तरच म्हणाले, "आमच्या तिकडच्या घराच्या गच्चीवर आता त्याच्या भावाचे कपडे वाळत असतात. मला कुणीतरी फोटो पाठवला होता."

मग म्हणाले, "आमचं नाव काढून टाका."

मी खरं तेच सांगितलं. नाव काढलं तर पेटी मिळणार नाही. 'धर्म' हा शब्द खोडला तर योजनेत बसणार नाही, घराची मदतही कदाचित जाईल. आणि पेटी नको म्हणण्याएवढं हे गाव सुरक्षित आहे, अशी हमी मी देऊ शकत नव्हतो.

या केसने काय शिकवलं, असं तरुण कॉन्स्टेबल विचारायचे. दार वाजवून आधी सांगा, एवढं मी त्यांना ठासून सांगायचो आणि ते खरंही आहे. पण त्यापुढचं मला सांगता येत नाही. माणसाला वाचवायचं तर तो कोण आहे हे कुठेतरी लिहावंच लागतं. त्याला तर नेमक्या त्या लिहिण्याचीच भीती. सरकारने माझ्यासारख्या नववीवाल्याला जवळ केलं, त्यांनाही मनापासून जवळ केलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी त्या रकान्यात तो शब्द लिहिताना पुढे दर वेळी माझा हात थांबायचा, आणि मी लिहायचोच.

त्या दिवशी निर्णय घेतला तो मास्तरांच्या बायकोने. तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. बॅगांवरचा कोट उचलून खुंटीला लावला आणि तुटक इंग्रजीत म्हणाल्या, "पेटी लावा. नाव राहू दे. पण यादी कुणाकडे आहे, ते दर महिन्याला येऊन सांगायचं. नावासकट."

मी दर महिन्याला गेलो. आधी मी, सार्जंट आणि घरविभागातल्या बाई. मग ठेकेदार. नंतर अग्निशमनवाले. बाईंची बदली झाली, दुसरे गृहस्थ आले. दर वेळी मास्तरीणबाई चहा ठेवायच्या आणि वही काढायच्या. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या भेटीत मी म्हणालो, "आता यादी माझ्याकडे नाही, मॅडम. माझ्या जागी नवीन माणूस आलाय."

"नाव?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्या नावावर सरळ रेघ मारली, खाली त्याचं नाव लिहिलं आणि पुढे रकाना आखून विचारलं, "आणि त्याचा धर्म?"