आकडे दोघांचेही खरे

आमच्या माहेरी, कुरुंदवाडला, पूर येणार हे पूर्वी नदीच्या घाटावरून कळायचं. पाणी ठरावीक पायरीवर चढलं की वडील म्हणायचे, "चला, बांधाबांध करा," आणि अख्खी गल्ली मुकाट्यानं बांधाबांध करायची. कधी पाणी यायचं, कधी नदीकडच्या गल्लीतूनच माघारी फिरायचं. फुकटचा हेलपाटा पडला म्हणून वडिलांवर मी स्वतः चिडलेली आहे. त्यामुळे जुनं तेच बरं, असलं काही मला म्हणायचं नाही.

वडील गेले. आता दोन्ही भावांच्या मोबाईलवर सगळं असतं. राधानगरीचे किती दरवाजे उघडले, संगमावर पाणी किती चढलं, खाली कर्नाटकातल्या धरणातून किती सोडतायत. दोघंही शिकलेले, दिवसभर वाचणारे. आणि दोघं दोन पक्षांचे.

त्या वर्षी पाऊस थांबेना, तेव्हा मी कोल्हापुरातून गाडी घेऊन गेले ती आईला आणायला. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच होती. रस्ता कधीही बंद होईल या धास्तीनं वाटेत कुठं थांबले नाही. घरात शिरले, तर दोघं भाऊ सोप्यात आईच्या खाटेच्या दोन अंगांना उभे, हातात मोबाईल.

"खालनं विसर्ग वाढीवलाय. सरकारी माहिती हाय ही," थोरला म्हणत होता. "आमच्या मंत्र्यांनी बोलणी केल्यात. उद्या पाणी उतरतंय की."

"आणि वरनं काय येतंय ते कोण बघायचं?" धाकटा उसळला. "ओढे बुजवून रस्ते केले, ते न्हाय दिसत तुला? तुझं सरकार बुडीवतंय आपल्याला."

थोडा वेळ ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं. आईला हलवायचं म्हणजे आपलं सरकार खोटं बोलतंय हे थोरल्यानं कबूल करायचं. न हलवायचं म्हणजे धाकट्यानं हार मानायची. पाणी घरात येणार की नाही, यालाही आता पक्ष होता.

"दादा, मागच्या गल्लीत पाणी आलंय. गाडी लावून मी बघून आले."

"किती? फुटात सांग."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या पोटरीएवढं!" मी ओरडले.

धाकटा जिंकल्यासारखा हसला. त्या हसण्यानं घात केला. "आता तर आई हितनं हलायची न्हाय," म्हणत थोरल्यानं खाटेची कड दाबून धरली. धाकट्यानं दुसरी कड उचलली. खाट कलंडली, आई कळवळली, आणि तेवढ्यात उंबऱ्यावरून पाण्याची पातळ धार आत आली. ती पाहूनसुद्धा दोघांनी हात सोडला नाही.

"पोरांनो," आई म्हणाली, "मी मेल्यावर तरी दोघं मिळून उचलशीला न्हवं?"

मग दोघांनी तिला उचललं. एकमेकांकडे न बघता गाडीत ठेवलं, आणि सामान माडीवर टाकायला परत आत गेले.

माणसं भांडतात ती माहिती नसते म्हणून, असं मी इतकी वर्षं समजत होते. माझ्या भावांना माहिती नव्हती असं कोण म्हणेल? जितकं जास्त कळत गेलं, तितकं त्यांना एकमेकांना मारायला हत्यार सापडत गेलं. मला दोघांचाही राग आला होता, अजून आहे.

त्या रात्री घरात गुडघाभर पाणी शिरलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून उतरायला लागलं. कोल्हापुरात माझ्या मोबाईलवर दोघांचे निरोप लागोपाठ आले. भिंतीवरच्या ओलीचा फोटो टाकून धाकट्यानं लिहिलं होतं, "आलं का न्हाय पाणी?" थोरल्यानं विसर्गाचा तक्ता पाठवला होता, "उतरलं का न्हाय?" मी दोन्ही निरोप शेवटपर्यंत वाचले, पुन्हा वाचले.

पलंगावरून आईनं विचारलं, "काय म्हणत्यात गं?"

"तू कशी हाईस, ते विचारत्यात," मी म्हटलं.

"दोघंबी?"

"दोघंबी."

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरी हाय म्हणून सांग."